अप्पांच्या झडपेविषयी

ती. आई आणि अप्पांस,
सा. न.

फोनवर विषय काढला की आईचा आवाज बदलतो आणि माझं बोलणं अर्धवट राहतं, म्हणून लिहिते. अप्पांच्या ऑपरेशनची तारीख मी घेतली आहे. आपल्या सोलापूरच्या गड्डा जत्रेनंतरचीच घेतली. नंदीध्वजांची मिरवणूक बघूनच पुण्याला निघायचं, डॉक्टरांना विचारून ठेवलंय. फक्त खुर्ची टाकून बघायची, गर्दीत शिरायचं नाही.

अप्पा, पायाची सूज वाताची नाही. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून रक्त महाधमनीत जातं, तिच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते. आपल्या नळाच्या तोटीवर क्षार चढतो ना, तसा त्या पाकळ्यांवर कॅल्शियम चढलाय. जी ३-४ चौरस सेंटिमीटर उघडायला हवी, ती आता १ चौरस सेंटिमीटरच्याही आत उघडते. शरीराला मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त लागतं, ते सगळं त्या फटीतून ढकलायचं. ढकलून ढकलून कप्प्याची भिंत जाड झाली आहे. पुढे न गेलेलं रक्त मागे तुंबतं. आधी फुप्फुसांत, म्हणून तुम्ही रात्री उशांवर उशा रचून बसता. मग शिरांत, म्हणून घोट्याजवळ बोट दाबलं की खळगा राहतो. गोळ्यांनी सूज उतरते, पण झडप मोकळी होत नाही. ती बदलावीच लागते.

लहानपणी दुपारी तुमच्या छातीवर कान ठेवून मी झोपायचे. तेव्हाचे दोन ठोके किती स्वच्छ होते! आता त्या दोहोंच्या मध्ये घर्र आवाज येतो, डॉक्टरांनी मलाही ऐकवला.

आता आईला जड जाईल ते. नवी झडप दोन प्रकारची असते. कार्बनची टिकते खूप, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, सतत रक्ततपासणी, पालक-मेथीसुद्धा मोजून खायची. अप्पांना मध्येच चक्कर येते, पडले आणि रक्त थांबलं नाही तर? म्हणून मी दुसरीला होकार दिला. ती गाई-बैलांच्या हृदयाभोवती जे पातळ आवरण असतं, त्याची असते. औषधात प्रक्रिया केलेली, त्यात जिवंत पेशी उरत नाहीत. बहुतेकदा १०-१५ वर्षं चालते.

आई, वसुबारसेला तू दूध-तूपही तोंडाला लावत नाहीस, हे माहीत असून मी होकार दिला. अकरावीच्या मुलांना मी हेच शिकवते: उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा धडधडतं, हत्तीचं तीसेक, पण कप्पे चार, झडपा चार, आणि फेऱ्या दोन, एक फुप्फुसांकडे, एक अंगभर. रक्त असं गोल फिरतं हे विल्यम हार्वेने १६२८ मध्ये मांडलं, तेही कितीतरी प्राण्यांची हृदयं बघून. म्हणून तर गुराचं आवरण माणसाच्या छातीत काम करतं. यात नंदीचा अपमान आहे असं मला मनापासून वाटत नाही. तरी तुम्ही दोघं मठात स्वामींशी बोलून या.

अप्पा, गळ्यातल्या लिंगाचं मी विचारलं. थिएटरच्या दारापर्यंत तुमच्याजवळच राहील, तिथून आई हातात घेईल. ऑपरेशन चालू असताना हृदय थांबवतात आणि रक्त मशीन फिरवतं, म्हणून घाबरू नका. मशीनने रक्त फिरवणं १९५३ पासून होत आलंय. नंतर माझ्याकडेच राहायचं. तळमजल्याची खोली रिकामी केली आहे, पलंग उंच आहे, कमोडला धरायला दांडी बसवली आहे. ज्वारी तिकडचीच आणलीय. कडक भाकरीही मिळेल, फक्त दुधात भिजवून.

तोवर ऐकायचं. शेंगाचटणी, पापड, लोणचं बंद. आई, वाटलं तर डबा शेजारी देऊन टाक. पाण्याच्या दिवशी अप्पांनी घागरीला हात लावायचा नाही, दादाला बोलवा. गुडघ्याची गोळी मनाने घेऊ नका. सकाळी उठल्यावर वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत किलो-दोन किलो वाढलं तर लगेच फोन. आणि या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या, किडलेल्या दातातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर बसू शकतात. अप्पा, ती डावी दाढ तुम्ही कधीपासून लपवताय, मला ठाऊक आहे. काढून घ्या.

तुमची,
मनी