शिवभोजनाची थाळी वाडीपर्यंत कधी पोचणार?

मा. संपादक, सा. न.

शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली तेव्हापासून बघतोय, दहा रुपयात दोन चपात्या, भाजी, वरण, भात. स्टँडवर उतरलेला मजूर, दवाखान्यात पेशंटबरोबर आलेली माणसं पोटभर जेवतात, योजना चांगलीच आहे, त्यात वादच नाही. पण ती थाळी तालुक्याला आणि आमची वाडी तिथून १४ किलोमीटर, त्यातही शेवटची चढण पायीच.

वाडीत आता म्हातारी माणसंच जास्त, मुलं सगळी मुंबईला. आमच्या शेजारच्या आजी ८० च्या पुढच्या, गुडघे पार गेलेत, नजर कमी. रेशनचा तांदूळ घरात आहे, २०२३ पासून तो फुकटच मिळतो, पण रोज चूल कोण पेटवणार? सकाळी कशीबशी पेज करतात आणि तीच रात्रीपर्यंत पुरवतात, हे डोळ्यांनी बघितलंय म्हणून लिहितोय. ७५ च्या वरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट झाली, बायकांना मार्च २०२३ पासून हाफ तिकीट झालं, पण त्यासाठी आधी गाडी यायला पाहिजे ना! आमच्याकडे सकाळची एक गाडी, पावसाळ्यात तिचाही भरवसा नाही, आणि रिक्षा स्पेशल केली तर दहा रुपयाच्या थाळीसाठी तीनशे रुपये भाडं.

२०२१ च्या लॉकडाऊनमध्ये थाळी काही महिने फुकट होती आणि पार्सल मिळायचं, तेव्हा आम्ही दोघातिघांनी बाईकवरून आणून वाटली. आता दिवसाआड आमच्याच घरून चार डबे जातात. पण भातलावणी सुरू झाली की आम्हाला जमत नाही आणि नेमकी तेव्हाच या माणसांची सर्वात जास्त आबाळ होते.

केंद्रावर जेवणाऱ्याचा फोटो अ‍ॅपवर टाकावा लागतो, खोटी बिलं निघू नयेत म्हणून, ते बरोबरच आहे. पण फोटो घरी जाऊनही काढता येतो की. आणि तालुक्याहून गाडी पाठवा असंही मी म्हणत नाही. गावातल्या शाळेत पोरांसाठी रोज खिचडी, आमटी-भात शिजतोच, त्याच चुलीवर चार-पाच डबे जास्तीचे होऊ शकतात. तामिळनाडूत १९८३ पासून पेन्शनवाल्या वृद्धांना शाळेच्या पोषण आहारातच जेवण देतात, मग आपल्याकडे का नको? शिवभोजनाच्या ग्रामीण थाळीमागे केंद्रचालकाला मिळणारा दर (जेवणाऱ्याचे दहा रुपये धरून) सुरुवातीला ३५ रुपये धरला होता, तोच पैसा स्वयंपाक करणाऱ्या ताईंना द्या, वर डबा पोचवणाऱ्याला थोडं पेट्रोल. यादी ग्रामपंचायतीने करावी, आशाताईंना कोण एकटं राहतं ते घरन् घर माहीत असतं.

जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांनी निदान एका तालुक्यात तरी हे करून बघावं. आमच्या वाडीपुरते डबे उचलायला आम्ही तिघं उद्यापासून तयार आहोत, स्टीलचे सहा डबे घेऊन ठेवलेत.

– एक वाचक, जि. रत्नागिरी