टोलची रक्कम कळते, वेळ कळत नाही

संपादक महोदय,

टोलवर वाद होतो तो रकमेचा. मी निवृत्त बसचालक, मला टोल घेण्याची वेळ महत्त्वाची वाटते. स्वीडनची राजधानी स्टॉकहोमने २००६ मध्ये सात महिने प्रयोग केला. शहरात येता-जाता शुल्क, गर्दीच्या वेळी जास्त, रात्री काहीच नाही. वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. शुल्क थांबताच गाड्या बऱ्याच अंशी परतल्या. सार्वमतानंतर २००७ मध्ये ते कायम झाले. स्टिअरिंगवर बसलेल्याला यात नवल नाही. भरलेला रस्ता तुंबतो तो शेवटच्या थोड्याच गाड्यांनी. आणि हो, तिथे जादा बस शुल्काच्या आधीच सुरू झाल्या होत्या, हे कुणी सांगत नाही. टोलच्या बातमीत कृपया वेळेनुसार दरही छापावेत.

– एक निवृत्त बसचालक