वीर्यतपासणीचा एक रिपोर्ट आणि लगेच सुरू होणाऱ्या गोळ्या

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

मूल होत नाही म्हणून पुरुषाची वीर्यतपासणी होते, रिपोर्टमध्ये काउंट (शुक्राणूंची संख्या) कमी दिसतो आणि लगोलग झिंक, फॉलिक ॲसिड, एल-कार्निटिन, को-एन्झाइम क्यू-टेन, लायकोपिन असे सगळे एकत्र असलेली गोळी सुरू होते. तीन महिने, मग आणखी तीन महिने. कारण शोधायचे राहूनच जाते आणि उपचार चालू आहेत या समजुतीत जोडपे थांबून राहते. म्हणून हे पत्र.

या गोळ्यांमागचा तर्क खोटा नाही. शुक्राणूच्या आवरणातली मेदाम्ले ऑक्सिडेशनने लवकर खराब होतात आणि झालेले नुकसान भरून काढण्याची ताकद शुक्राणूकडे फारशी नसते. त्यामुळे या गोळ्यांतल्या अँटिऑक्सिडंटचा, म्हणजे ऑक्सिडेशन रोखणाऱ्या घटकांचा, उपयोग व्हावा, असे वाटणे साहजिक आहे. मोठ्या चाचण्यांत मात्र तो दिसला नाही. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत 2370 जोडपी होती. निम्म्या पुरुषांना सहा महिने रोज 5 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड आणि 30 मिलिग्रॅम झिंक दिले, उरलेल्यांना औषध नसलेली तशीच गोळी. पहिल्या गटात 34 टक्के जोडप्यांना मूल झाले, दुसऱ्यात 35 टक्के. शुक्राणूंची संख्या, हालचाल, आकार यांत फरक पडला नाही. शुक्राणूंतला डीएनए तुटण्याचे प्रमाण तर गोळ्या घेणाऱ्यांत थोडे जास्तच निघाले. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासते. तिच्या 2022 च्या आढाव्यात 90 अभ्यास होते. त्यातले सदोष अभ्यास बाजूला काढल्यावर मूल होण्याचे प्रमाण वाढते, असे म्हणण्यापुरता पुरावा उरला नाही.

मग गोळ्यांनी काउंट वाढला, असे इतके जण का सांगतात? कारण काउंट मुळातच वर-खाली होत असतो. त्याच पुरुषाचे, काहीही औषध न घेता, दोन रिपोर्ट दुपटीच्या फरकाने येऊ शकतात. पहिला आकडा खूप कमी आला असेल तर पुढचा बहुधा आपोआपच वर येतो, आणि श्रेय मधल्या काळात घेतलेल्या गोळीला जाते. नमुना देण्यातल्या चुका वेगळ्याच. आधी 2 ते 7 दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. नमुना पूर्ण हवा. पहिल्या थेंबांत सर्वाधिक शुक्राणू असतात, तेच सांडले तर आकडा फसवा येतो. घरून नेत असाल तर डबी अंगाजवळ ठेवून, अर्ध्या तासात, फार तर तासाभरात लॅबमध्ये पोचवावी. शुक्राणू तयार होऊन बाहेर येईपर्यंत सुमारे तीन महिने लागतात, म्हणून दोन महिन्यांपूर्वी आलेला जोराचा तापही आजच्या रिपोर्टवर दिसतो. एका रिपोर्टवर निदान करू नये ते यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेतली 1 कोटी 60 लाख प्रति मिलिलिटर ही खालची मर्यादासुद्धा पास-नापासची रेघ नव्हे. ज्यांच्या पत्नीला वर्षभरात गर्भ राहिला अशा पुरुषांपैकी 5 टक्क्यांचा काउंट याहूनही कमी होता.

गोळ्यांच्या आड काय लपते, हे जास्त गंभीर आहे. व्हेरिकोसील, म्हणजे वृषणावरच्या फुगलेल्या शिरा, रुग्णाला उभे करून हाताने तपासल्याशिवाय कळत नाहीत, आणि योग्य रुग्णात त्यावर शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. शुक्राणू शून्य असतील तर नळीत अडथळा आहे, हार्मोन कमी आहेत की गुणसूत्रांत दोष आहे, हे पाहावेच लागते. वंध्यत्व असलेल्या पुरुषांत वृषणाच्या कर्करोगाचे प्रमाणही इतरांपेक्षा जास्त आढळते. शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्यांचे काय होते, हे तर प्रत्येक तरुणाला माहीत हवे: बाहेरून हार्मोन मिळाले की मेंदूतली ग्रंथी वृषणाला संदेश देणे थांबवते आणि काउंट शून्यावर येऊ शकतो. ती इंजेक्शने डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद करणे हाच तिथला उपचार.

'जीवनसत्त्वेच आहेत, अपाय काय होणार' हेही खरे नाही. झिंक सल्फेट 220 मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष झिंक 50 मिलिग्रॅम असते, आणि प्रौढांसाठी रोजची कमाल मर्यादा 40 आहे. त्यात मल्टिव्हिटॅमिन आणि प्रोटीन पावडर यांतले झिंक मिळवा. महिनोन्‌महिने असे चालले की तांब्याचे शोषण अडते. रक्तक्षय होतो, हातापायांना मुंग्या येतात. सेलेनियम हे खनिज रोज 400 मायक्रोग्रॅमच्या वर जात राहिले तर केस गळू शकतात, नखे ठिसूळ होऊ शकतात.

गोळी घ्यायचीच असेल तर एकच घ्यावी, लेबलवरची मात्रा मर्यादेत आहे ना ते पाहावे, तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये तपासणी करून पुढे चालू ठेवायची की नाही ते ठरवावे. दरम्यान शारीरिक तपासणी आणि एफएसएच (वृषणाला संदेश देणारे हार्मोन), टेस्टोस्टेरॉन या चाचण्या थांबवू नयेत. पत्नीचे वय 35 च्या पुढे असेल तर गोळ्यांवर सहा महिने घालवणे परवडणारे नसते. दोघांच्या तपासण्या एकाच वेळी सुरू व्हाव्यात. रक्ततपासणीपूर्वी आपण काय काय घेतो ते सगळे डॉक्टरांना सांगावे, कारण यांतल्या काही गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व भरपूर असते आणि त्यामुळे हार्मोनचे आकडे चुकीचे येऊ शकतात. चाचणीच्या किमान दोन दिवस आधी, डॉक्टरांना विचारून, ते बंद करावे.

आपला नम्र,
एक मूत्ररोगतज्ज्ञ