स्वतःसाठी मागताना

संपादक महोदय,

सहकारी मुलीच्या पगारवाढीसाठी मी साहेबांशी तासभर वाद घातला. स्वतःची वेळ आली तेव्हा मात्र "जमलं तर बघा" एवढंच तोंडून निघालं. हा माझाच भित्रेपणा, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. पण अमानतुल्ला आणि मॉरिस यांच्या 2010च्या संशोधनात नेमकं हेच आढळलं: दुसऱ्यासाठी बोलताना स्त्रिया ठाम राहतात, स्वतःसाठी बोलताना आधीच माघार घेतात, कारण लोकांच्या नाराजीची धास्ती. ती धास्ती खोटीही नाही. हॅना रायली बोल्स आणि सहकाऱ्यांच्या 2007च्या प्रयोगांत, जास्त पगार मागणारी स्त्री पुरुष परीक्षकांना तसंच मागणाऱ्या पुरुषापेक्षा अधिक खटकली. म्हणून 'बायकांनी मागायला शिकावं' हा सल्ला मला अपुरा वाटतो. पगाराची श्रेणी जाहिरातीतच छापा, म्हणजे मागणारीला वाईट ठरावं लागणार नाही.

घरी तर बोलणीच होत नाहीत. मुलाला ताप आला की रजा माझी, हे आमच्यात कधी ठरलंच नव्हतं. गेल्या महिन्यात मी नवऱ्याला म्हटलं, "या वेळी तू घे." तो क्षणभर थांबला, मग हो म्हणाला. इतकी वर्षं मी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही.

– एक नोकरदार वाचक