एकाच शनिवारी दोनदा सूर्योदय

न्यूयॉर्क

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी ठेवून तुम्ही सिंगापूर ते न्यूयॉर्क हे अंतर मोजलेत, ते माझ्या विमानप्रवासाबद्दल मी सांगितलेल्या आकड्याशी जुळेना, आणि मग फोनवर माझी चांगलीच उलटतपासणी झाली. तेव्हा मला नीट सांगता आले नाही, म्हणून आता सवडीने लिहितो आहे.

चूक तुमच्या मोजण्यात नाही, नकाशात आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडताना ध्रुवांकडचा भाग अवाच्या सवा ताणला जातो आणि कागदावरची सरळ रेघ ही जवळची वाट राहत नाही. कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढून दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो आफ्रिकेवरून न जाता सरकत सरकत जवळजवळ उत्तर ध्रुवावर जाऊन बसेल, कारण दोन्ही शहरांच्या रेखांशांत सुमारे १७८ अंशांचे अंतर आहे. यामुळे हिशेब तोंडी करता येतो. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम १.४ अंश उत्तरेला, म्हणजे ध्रुवापासून ८८.६ अंशांवर, न्यूयॉर्क ४०.६ अक्षांशावर, म्हणजे ध्रुवापासून ४९.४ अंशांवर. बेरीज १३८ अंश. एका अंशाला १११ किलोमीटर धरले की १५,३०० च्या थोडे पुढे उत्तर येते.

तुमचा दुसरा आक्षेप जास्त खरा होता. ताशी ९०० किलोमीटर वेगाने सतरा तास पुरायला हवेत, मग साडेअठरा कसे लागले? विमानतळावरचे रेंगाळणे आणि चढ-उतार यांत थोडा वेळ जातो, पण मुख्य कारण वारा आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे झोतवारे कधी कधी ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेग घेतात, आणि ते पाठीशी मिळणार असतील तर वैमानिक जास्त किलोमीटरांची वाट आनंदाने पत्करतो. म्हणून इथून सिंगापूरला जाताना आमचे विमान अटलांटिकवरून गेले, न्यूयॉर्कला परत येताना प्रशांत महासागरावरून आले, आणि दोन्ही वेळा तोंड पूर्वेलाच! कार्यालयाच्या कामानिमित्त माझी पृथ्वीप्रदक्षिणा झाली, असे आईला सांगायला हरकत नाही.

वारांचा गोंधळ मात्र मलाही कागदावर मांडावा लागला. हल्ली न्यूयॉर्कचे घड्याळ सिंगापूरच्या बारा तास मागे असते. सोमवारी रात्री साडेदहाला इथून निघालो तो बुधवारी पहाटे पाचला सिंगापुरात उतरलो. मंगळवार सगळा खुर्चीतच सरला. परतताना शनिवारी दुपारी बाराला निघालो आणि त्याच शनिवारी संध्याकाळी साडेसहाला उतरलो. वाटेत प्रशांत महासागरावर मध्यरात्र उलटून रविवार लागला होता, परंतु थोड्याच वेळात आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली आणि पुन्हा शनिवार झाला. सकाळी सिंगापुरात खोलीच्या खिडकीतून पाहिलेला सूर्य त्याच तारखेला कॅनडावर पुन्हा उगवला, तेव्हा शेजारच्या प्रवाशाने कंटाळून खिडकीचा पडदा ओढून घेतला. मी त्याला विनंती करून तो बोटभर वर ठेवायला लावला.

दोरा ताणून झाला की तो उत्तर ध्रुवाच्या कोणत्या बाजूने गेला, ते कळवावे. आईस नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
धाकटा