सर, क्युसेक म्हणजे किती पाणी?

मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात पर्यावरणाचा सक्तीचा पेपर शिकवतो. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी पहाटे सिंहगड रोडवरच्या एकता नगरीत शिरलं. माझा एक विद्यार्थी तिथंच तळमजल्यावर राहायचा. भिजून फुगलेली पुस्तकं वर्गाच्या खिडकीत वाळत घालताना त्यानं विचारलं, "सर, पावसाळाभर ग्रुपवर विसर्गाचे आकडे येतात. पण क्युसेक म्हणजे किती पाणी?"

सेकंदाला सुमारे २८ लिटर, मी सांगितलं. त्यानं हिशोब केला आणि गप्प झाला.

साहेब, हा मुलगा ओझोनच्या थरावर पाच मार्कांचं उत्तर न अडखळता लिहितो. हिमनद्या वितळताहेत हे त्याला पाठ आहे. पण निळी पूररेषा, म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, आपल्या खोलीपासून किती लांब आहे हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. मीही नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये हा विषय सक्तीचा करायला सांगितलं. विषय आला, आणि त्यामागोमाग झेरॉक्सच्या दुकानातला तयार प्रोजेक्टही आला. नाव बदलायचं, स्पायरल बाइंडिंग करायचं, जमा करायचं. मुलं बेफिकीर नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्याच नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि दूषित पाण्यावर संशय आला, तेव्हा याच मुलांनी मेसवाल्या मावशींना पाणी उकळायला लावलं. धोका समोर दिसला की ती हलतात. आपण मात्र त्यांना तो कायम दूरदेशीचा दाखवतो.

म्हणून विनंती आहे की प्रोजेक्टचा विषय विद्यार्थ्याच्या राहत्या जागेचाच ठेवा. पूररेषेचा नकाशा काढून आपली इमारत त्यात शोधायची. नळाला पाणी कुठून येतं, टाकी शेवटची कधी धुतली, हे घरमालकाला विचारायचं. जवळच्या ओढ्याच्या काठानं चालत जाऊन तो कुठं बुजवलाय ते लिहायचं. जलसंपदा विभागाच्या अभियंत्यांना एक तास वर्गात पाठवा. आमची मुलं त्यांना भंडावून सोडतील.

परिपत्रक जूनमध्येच निघावं. दिवाळीनंतर निघालं तर ओढे कोरडे असतील आणि मुलं पुन्हा झेरॉक्सच्या दुकानात जातील.

आपला नम्र,
एक प्राध्यापक, पुणे