माझ्या चार वह्यांचा हिशेब द्या: भीमगडच्या कडेवरून वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातला, भीमगड अभयारण्याच्या कडेला भात आणि थोडे काजू करणारा शेतकरी. हे पत्र साध्या टपालाने धाडणार होतो. पण गेल्या मंगळवारी जे झाले, त्यानंतर ते सगळ्यांसमोर लिहायचे ठरवले.

मंगळवारी मी एका कचेरीत माझ्या पावसाच्या आणि रानाच्या नोंदींच्या वह्या मागायला गेलो. दोनशे पानी चार वह्या होत्या. दोन वर्षांपूर्वी आमच्या देवळासमोरच्या बैठकीत एका साहेबांनी त्या माझ्याकडून घेतल्या. झेरॉक्स काढून महिन्याभरात परत देतो, अभ्यासकांना राहायला गावाजवळ एक केंद्र बांधतो, गावची पाच पोरे कामाला घेतो, असे ते माइकवर बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्यानंतर मी सतरा हेलपाटे घातले. दरवेळी एकच उत्तर, ‘नाळे बा’. हे ‘उद्या या’ ऐकत दोन पावसाळे गेले. मंगळवारी कपाटामागून एक वही निघाली, भिजून पाने चिकटलेली, शाई उतरलेली. बाकी तीन नाहीतच. ती वही माझ्या हातात देताना तिथला माणूस म्हणाला, हे मराठीत आहे, कोण वाचणार? कन्नडमध्ये लिहून आणा.

साहेब, इतक्या वर्षांचे लिहिलेले माणूस परत कसे लिहून आणणार?

त्या वह्यांत काय होते ते सांगतो. २०११ साली, म्हणजे अभयारण्य जाहीर झाले त्याच वर्षी, एक अभ्यासक मुलगी आमच्याकडे उतरली होती. तिला रानात वाट दाखवायला मी जात असे. जाताना तिने मला पाऊस मोजायची नळी दिली आणि सांगितले, काका, रोज सकाळी आठ वाजता मोजा, आणि जे दिसेल ते तारीख-वेळ घालून लिहा. मी लिहीत राहिलो. कोणता ओढा कधी आटला, धनेशाची मादी ढोलीत कधी बसली, करवंदे कधी पिकली, अस्वल कुठल्या वारुळाशी आले, गवे कुणाच्या शेतात उतरले. पाऊस एक दिवस चुकवला नाही. आई वारली त्या सकाळीही नळी बघून मग खांदा दिला. हे घरच्यांनी अजून मला माफ केलेले नाही.

आणि वटवाघळे. भीमगडच्या रानातल्या बारापेडे गुहांतून संध्याकाळी ती किती वाजता बाहेर पडतात, हे मी वर्षानुवर्षे बाहेर लांब बसून टिपले. आत कधी गेलो नाही, कुणाला जाऊ दिले नाही. आत मशाल-बॅटरी नेली, गोंगाट केला, की पिले अंगावरून गळून पडतात, हे मला त्या मुलीनेच शिकवले होते. ही साधी पाकोळी नव्हे. राटन या ब्रिटिश वनाधिकाऱ्याच्या नावाने ओळखले जाणारे हे मोठ्या कानांचे वटवाघूळ १९१३ साली ह्याच गुहांतल्या नमुन्यांवरून जगाला कळले. पुढे कित्येक दशके ते पृथ्वीवर दुसरीकडे कुठे असल्याचे ठाऊकच नव्हते, मग मेघालयात आणि कंबोडियात सापडले. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला ते बसवले आहे. पण तिथे कायम राहून ते मोजणारा एक माणूस नाही. मी मोजत होतो, तर माझी वही कपाटामागे सडली.

मंत्रिमहोदय, आपण म्हणाल, खानापूरच्या रानाचा एवढा गवगवा कशाला. तर ऐका. आमच्या देगावच्या बाजूला उगवणारी म्हादई गोव्यात मांडवी होते आणि पणजीला समुद्राला मिळते. तिच्या तोंडाशी चोडण बेटावर खारफुटीचे रान आहे, सलीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. गोड्या पाण्याचा रेटा कमी झाला की खारे पाणी नदीत वर चढते. मग खारफुटीला, तिसऱ्या-शिंपल्यांना आणि खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, भाताला त्याचा जाच होतो. म्हणजे आमच्या डोंगरात पाऊस किती पडला, ओढा कधी आटला, हे त्या किनाऱ्याचेच पहिले पान आहे. तिकडे गोव्यात दोना पावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी आहे. समुद्राचा अभ्यास करायला एवढी मोठी संस्था, आणि त्याच पाण्याच्या उगमाशी पत्र्याची एक खोलीसुद्धा नाही.

पाण्यासाठी भांडायला मात्र सगळे आहेत. २०१० साली लवाद बसला, २०१८ साली निवाडा आला: कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. एवढे होऊन तिन्ही राज्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात. दशांश चिन्हापर्यंत पाणी वाटून घेतले. ते पाणी ज्या रानातून पाझरते तिथे रोज सकाळी नळी बघणाऱ्याला विचारलेत का कधी? वकिलांच्या एका तारखेच्या खर्चात आमचे केंद्र दहा वर्षे चालले असते, असे मला वाटते.

वाघाचे तेच. वाघाला भीमगड आणि गोव्याचे म्हादई अभयारण्य वेगळे वाटत नाही, एकच रान आहे. २०२० च्या जानेवारीत त्या बाजूला चार वाघ मेले, विषाने. इकडे आम्ही त्यांच्या पाऊलखुणा बघितलेली माणसे, पण आमच्याकडे कुणी विचारायला आले नाही, कारण हद्द दुसऱ्या राज्याची. रान एक, कागद तीन.

आणि आता गावे उठू लागली. अभयारण्यातल्या तळेवाडीची कुटुंबे २०२५ साली पैसे घेऊन बाहेर पडली. त्यांना मी दोष देत नाही. आजारी माणसाला लाकडाला बांधून चिखलातून मैलोन्‌मैल न्यायचे, पोरांना शाळा नाही, त्यांनी किती सोसायचे? पण बारापेडेच्या वाटा, कुठल्या खडकाखाली काय राहते, हे त्याच माणसांना ठाऊक होते. त्यांना उठवताना कुणी कागद-पेन्सिल घेऊन बसले का त्यांच्याजवळ? रान रिकामे केले म्हणजे रान राखले, असा हिशेब असेल तर तो चुकला आहे. बाहेर आलेल्या त्यांच्या पोरांना त्याच रानात वॉचर, वाटाडे, नोंदकरी म्हणून घ्या. हंगामी नको, तीन-तीन महिने पगार थकवून नको. माझ्याबरोबर गस्तीला असणारा वॉचर कन्नड बोलतो, मी मराठी. गव्याच्या वाटेवर आमचे कधी अडले नाही. त्याचा पगार थकतो आणि माझी वही हरवते. दोघांचे दुखणे एकच आहे.

भाषेचे बोललो तर राग येईल, तरी बोलतो. १९५६ च्या १ नोव्हेंबरला आमच्या बापजाद्यांना न विचारता हद्द बदलली. २००४ पासून सीमेचा दावा न्यायालयात पडून आहे, त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागो. पण जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथे त्यांना त्यांच्या भाषेत कागद मिळावेत, हे ह्याच देशाने मान्य केले आहे. आमच्या तालुक्यात तर गावेच्या गावे मराठी. मी कन्नड बोलतो, बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात. पण पाऊस मी ज्या भाषेत मोजला त्याच भाषेत लिहिणार. आकडा कोणत्याही भाषेत आकडाच असतो, साहेब. २३ मिलिमीटरला कुठली जात आणि कुठले राज्य?

दर हिवाळ्यात बेळगावच्या सुवर्णसौधात विधिमंडळाचे अधिवेशन भरते, रस्ते चार दिवस झाडून घेतले जातात. तिथून आमचे रान किती लांब? एका सकाळी गाडी इकडे वळवा. केंद्र अभयारण्याच्या बाहेर, गावाच्या कडेला बांधा. आत नको, गुहांजवळ तर मुळीच नको. अभ्यासकांच्या परवानगीचा अर्ज महिन्यात निकाली काढा. पोरे पीएचडी करायला येतात आणि वाट बघून परत जातात. गोवा आणि महाराष्ट्राच्या वनखात्यांबरोबर एक नोंदवही ठेवा. आणि माझ्या तीन वह्या कुठे गेल्या, ते लेखी कळवा. मराठीत नाही जमले तर कन्नडमध्ये कळवा, मी वाचून घेईन.

पाचवी वही मी बुधवारी सकाळी आठ वाजता सुरू केली. ही कुणालाही घेऊन जाऊ देणार नाही. बघायची असेल त्याने आमच्या ओसरीवर येऊन बघावी.

आपला,
भीमगडच्या कडेचा एक शेतकरी,
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव